लंगोट की डायपर? एका प्रश्नाची दोन उत्तरं

समजा, तुमच्या वहिनीने विचारलं, "बाळाला कापडी लंगोट वापरू की विकतचे डायपर? पर्यावरणाला कशाचा त्रास कमी? तू तर सायन्सवाला!" तुम्ही पटकन 'कापडी' म्हणाल. पण जरा थांबा. याच प्रश्नावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अनेक वर्षं वाद झाला, आणि रिसर्चला येण्याआधी तो माहीत असलेला बरा.

प्रॉक्टर अँड गँबलने 1961 मध्ये पॅम्पर्स बाजारात आणले. पुढच्या काही दशकांत अमेरिकेतल्या घराघरातून कापडी लंगोट मागे पडले. मग कचऱ्याची चर्चा सुरू झाली आणि 'कोणतं चांगलं' याचं शास्त्रीय उत्तर हवं झालं.

1990 मध्ये आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेने अभ्यास केला. निष्कर्ष असा, की धुण्याचं पाणी आणि ऊर्जा धरली तर कापडी लंगोट काही सरस ठरत नाहीत. खर्च केला होता प्रॉक्टर अँड गँबलने. 1991 मध्ये लेहरबर्गर यांचा अभ्यास आला. त्यात कापडी सरस! याला पैसा होता लंगोट धुऊन घरपोच देणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेचा.

मग कुणीतरी खोटं बोललं का? तसं असायची गरज नाही, आणि खरी गोम इथेच आहे. एक लंगोट किती वेळा वापरला जातो? एका वेळी एक बांधतात की दोन? घरी धुतात की लाँड्रीत? यातलं एकेक गृहीतक थोडं सरकवा, उत्तर बदलतं. म्हणून पेपर वाचताना निधी कुणाचा हे बघाच, पण तेवढ्यावर तो बाद करू नका. गृहीतकांचा तक्ता उघडा.

इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सीने 2005 मध्ये सांगितलं, की दोन्हींत लक्षणीय फरक नाही. 2008 च्या सुधारित अहवालात तुलना 'एक लंगोट विरुद्ध एक डायपर' अशी नव्हती, तर बाळाची पहिली अडीच वर्षं हे एकक होतं. यालाच फंक्शनल युनिट म्हणतात. आकडे आले : डायपर सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतके, कापडी सुमारे 570. पण पूर्ण लोड भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडीचा आकडा सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो. उलट सगळे ड्रायरमध्ये वाळवले तर तो चांगलाच चढतो. थोडक्यात, उत्तर लंगोटात नाही, धुण्या-वाळवण्याच्या सवयीत आहे.

आता आपल्याकडे बघा. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचे लंगोट, गॅलरीतली दोरी, वरून ऊन, आणि तेच लंगोट नंतर धाकट्यालाही. अहवालाने 'सर्वात चांगली परिस्थिती' म्हणून जे लिहिलं, ते आपल्या घरात वर्षानुवर्षं नेहमीचंच! पण म्हणून तो 40 टक्क्यांचा आकडा उचलून इथे चिकटवू नका. आपली वीज वेगळी, पाणी वेगळं, धुण्याची पद्धत वेगळी. दुसऱ्या देशाची पद्धत घ्या, आकडे मात्र स्वतः मोजा.

आणि वहिनीला काय सांगाल? आधी विचारा, "वहिनी, धुणार कोण आणि वाळवणार कुठे?" बाळंतीण एकटीच रात्री लंगोट धूत बसणार असेल, तर तिचे कष्ट कार्बनच्या कुठल्याच रकान्यात येत नाहीत. आपल्या अभ्यासात काय मोजलं नाही हेही लिहायला शिका.