षष्ठीचा प्रत्यय

आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरांना ‘बदली’ हा शब्द पगाराइतकाच परिचयाचा असतो. फुटबॉलच्या मैदानावर त्याचे दोन अर्थ होतात. खेळता खेळता एक दमला म्हणजे त्याच्या जागी दुसरा उतरतो, तो बदली खेळाडू. आणि हंगाम सरला, करार संपला म्हणजे या गावचा खेळाडू त्या गावी रुजू होतो, ती खरी बदली. टी. नगरात राहून चेन्नईच्या संघाची वाटचाल न्याहाळीत असता या दुसऱ्या बदलीने आम्हांला एका प्रश्नात टाकले आहे. जे आज आहेत आणि उद्या नाहीत, अशांच्या संघाला ‘आपला’ म्हणावयाचे ते कशाच्या आधारावर?

संघाच्या नावापासूनच विचाराला आरंभ करणे बरे. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही स्पर्धा आठ संघांनिशी सुरू झाली. त्यांतील चेन्नईच्या संघाची मालकी अभिषेक बच्चन, वीता दाणी व महेंद्रसिंग धोनी यांच्याकडे होती, आणि नाव ठेवले ‘चेन्नईयिन’. तमिळमधील ‘इन्’ हा प्रत्यय येथे आपल्या षष्ठीचे काम करतो. म्हणजे नावाचा अर्थ एवढाच, की ‘चेन्नईचा’. चेन्नईचा कोण, ते मात्र नाव सांगत नाही. ती जागा मोकळी सोडलेली आहे, आणि पुढील हंगामांतून ती निरनिराळ्या माणसांनी भरली.

पहिल्या वर्षी ती ब्राझीलच्या एलानोने भरली. आठ गोल करून तो स्पर्धेत अव्वल ठरला. २००६ च्या विश्वविजेत्या इटालियन संघातील मार्को मातेराझ्झी येथे खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. साखळीत चेन्नई पहिली आली. परंतु उपांत्य फेरीत कोचीला तीन गोलांनी हरली. परतीच्या सामन्यात तिन्ही गोलांची फेड झाली, आणि जादा वेळेत केरळने एक गोल करून डाव उलटविला. त्या रात्री पुष्कळांना उमगले असेल, की हा केवळ परदेशी पाहुण्यांचा तमाशा नव्हे. यात आपलेही काही हरवू शकते.

पुढच्या वर्षी हरविण्यासारखे याहून मोठे काही समोर आले. १ व २ डिसेंबर २०१५ च्या पावसाने अड्यारच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. चेन्नईत सामना होणे अशक्य झाले आणि कलकत्त्याविरुद्धचा ‘घरचा’ उपांत्य सामना १२ डिसेंबरला पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळविला गेला. आमच्या मुलखाने त्या दिवशी चेन्नईला आपले अंगण उसने दिले, आणि चेन्नईने तेथे तीन गोलांनी विजय मिळविला. २० डिसेंबरला गोव्यात फातोर्डा येथे अंतिम सामना झाला. ८७ व्या मिनिटाला गोवा २–१ असा पुढे होता. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याच्या गोलरक्षकाच्या हातून स्वतःवरच गोल झाला, आणि दोनच मिनिटांनी कोलंबियाच्या स्टीवन मेंडोझाने निर्णायक गोल केला. त्या हंगामातील त्याचा तो तेरावा गोल. चिखल उपसणाऱ्या शहराला पहिले अजिंक्यपद मिळाले.

२०१६ साली मेंडोझाही नव्हता आणि एलानोही नव्हता. आठ संघांत चेन्नई सातवी आली.

येथवर हिशेब सरळ दिसतो, की मोठी नावे गेली आणि संघ बसला. पण इतिहास इतका सोपा नसतो. मातेराझ्झी गेल्यावर इंग्लंडचे जॉन ग्रेगरी प्रशिक्षक झाले. १७ मार्च २०१८ रोजी बंगळूरला, यजमानांच्या मैदानावर, चेन्नईने ३–२ असा विजय मिळवून दुसरे अजिंक्यपद जिंकले. माइलसन आल्वेसने दोन गोल केले आणि राफाएल आगुस्तोने एक. पुढच्या हंगामात ग्रेगरी होते. आल्वेस, आगुस्तो, मिझोरामचा जेजे लालपेखलुआ, डेहराडूनचा अनिरुद्ध थापा हेही होते. तरीही दहा संघांत चेन्नई दहावी आली आणि १८ सामन्यांतून ९ गुण हाती लागले. माणसे गेल्याने संघ पडतो हे जितके खरे, तितकेच माणसे राहिल्याने तो उभा राहतोच असे नाही, हेही खरे. शिवाय २०१९ च्या आशियाई चषकस्पर्धेतील ‘घरचे’ सामने अहमदाबादेस झाले. विजेत्याला घर नव्हते!

मांबलमहून उपनगरी गाडीने पार्क स्थानकावर उतरले म्हणजे नेहरू क्रीडांगण पायी गाठता येते. याच जागी पूर्वी कॉर्पोरेशन स्टेडियम होते आणि १९५६ च्या जानेवारीत तेथे विनू मांकड व पंकज रॉय यांनी सलामीला ४१३ धावांची भागी केली होती. नवानगरपासून मुंबईपर्यंत कितीतरी संघांकडून खेळलेल्या मांकडला त्या दिवशी मद्रासने परका मानले नसावे. पडत्या हंगामातही या क्रीडांगणाच्या सज्जांत निळे कपडे घालून, ढोल बडवीत उभी राहणारी मंडळी असते. ‘बी स्टँड ब्लूज’ व ‘सुपर मच्चान्स’ ही त्यांच्या पथकांची नावे. मच्चान म्हणजे मेहुणा, आणि लक्षणेने जिवलग दोस्त. खेळाडू करारावर सही करतो; या मेहुण्यांनी कसलीही सही केलेली नाही.

२०१९–२० च्या हंगामात स्कॉटलंडचे ओवेन कॉइल यांनी तळाशी गेलेला संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला, आणि लिथुएनियाच्या नेरियुस वाल्स्किसने १५ गोल केले. १४ मार्च २०२० रोजी महामारीच्या भयाने रिकाम्या ठेवलेल्या फातोर्ड्यात चेन्नई ३–१ अशी हरली. लगेच दोघेही जमशेदपूरला गेले. पुढचे दोन हंगाम सारे संघ गोव्यातच बंदिस्त होते. पुढे वाल्स्किस परत आला, २०२३ मध्ये कॉइलही परतले. त्याच वर्षी थापाने सात वर्षांनंतर मोहन बागानची वाट धरली, आणि कधीच चेन्नई सोडून गेलेला जेजे मिझोरामच्या विधानसभेवर निवडून आला.

कोल्हापूरचा वाचक यावर हसेल. त्याच्याकडे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही पेठेच्या मातीतून उगवलेली नावे आहेत. तेथे माणूस संघ निवडीत नाही. तो त्या पेठेत जन्मतो. हा अभिमान आम्ही मान्य करतो. परंतु त्याच महाराष्ट्रात राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला, आणि याच सुपर लीगमधील पुणे सिटीचा २०१९ मध्ये अस्त होऊन त्याची जागा हैदराबादला गेली. टाळ्या वाजविणाऱ्यांना कोणी विचारले नाही. चेन्नईचा संघही कंपनीचाच आहे, आणि हे भय त्याच्या प्रेमात कायमचे मिसळलेले आहे. प्रेक्षकाची निष्ठा संघाला वाचवू शकत नाही, हे कबूल केलेच पाहिजे.

मग ती कशासाठी? आम्हांला वाटते, स्मरणासाठी. सात हंगाम राहिलेला थापा आणि दोनच राहिलेला मेंडोझा यांना एका सूत्रात ओवते कोण? मालक नव्हे, प्रशिक्षकही नव्हे, तेही बदलीचेच. ज्याने महापुरानंतरची ती दोन मिनिटे मनात जपली आणि जो दहाव्या क्रमांकाच्या वर्षीही पार्क स्थानकावर उतरला, त्याच्यामुळेच हे निरनिराळे अकरा जण एकच संघ ठरतात.

टी. नगरही मांबलमच्या जुन्या तळ्याच्या जमिनीवर, गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वसविलेले आहे. येथे पुष्कळजण बाहेरून आले आणि राहिले. आमच्यासारखे आले आणि जातीलही. आमच्या बदलीचा हुकूम केव्हा तरी निघेल. नव्या कचेरीत ओळख करून देताना कोणी म्हणेल, “हे चेन्नईचे.” येथे असताना हा प्रत्यय आम्हांला कोणी लावला नव्हता, तो गाव सोडल्यावरच लागावयाचा. मेंडोझालाही तो तसाच लागला असेल.