घरासाठीचे गुण

मुंबईकराला म्हाडाची सोडत ठाऊक असते. पात्र अर्जांतून संगणक नावे उचलतो. त्यांतला कोण अधिक गरजू, याचा निवाडा तो करत नाही. पश्चिमेत मात्र सार्वजनिक घरे वाटताना नेमका हाच निवाडा महत्त्वाचा मानला गेला. आज तो यंत्राकडे जातो आहे, म्हणून त्याचा मागचा इतिहास पाहायला हवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील अनेक नगरपालिकांनी घरवाटपासाठी गुणपद्धती वापरली. दाटीवाटी, आजारपण, प्रतीक्षेची वर्षे, सगळ्यांना गुण. कागदावर निःपक्षपाती. पण घर देण्यापूर्वी पालिकेची निरीक्षक दारात येई आणि घरातली टापटीप पाहून शेरा लिही. नवे घर मिळणार की पाडायला काढलेले जुने, हे त्या शेऱ्यावर ठरे. बर्मिंगहॅममध्ये यादीत येण्यासाठी पाच वर्षांचा रहिवास लागे. नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता. तरी नुकतीच आलेली कॅरिबियन, भारतीय, पाकिस्तानी कुटुंबे बाहेर राहिली. जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर यांनी १९६७ साली स्पार्कब्रुक वस्तीच्या अभ्यासात हे मांडले. १९६९मध्ये कलिंगवर्थ समितीने भाडेकरूंच्या अशा प्रतवारीवर टीका केली.

लॉस एंजेलिसमध्ये निरीक्षकाची जागा प्रश्नावलीने घेतली. २०१३पासून अमेरिकेत पसरलेल्या या प्रश्नावलीचे सतरा गुण. आठ किंवा अधिक मिळाले तर आधारासह कायमचे घर मिळण्याची पात्रता. काटेकोर अर्थाने ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे, साधी बेरीज आहे. पण माणसाला आकडा करून रांगेत लावणे इथेच सुरू होते. प्रश्न कसले? कुणावर हात उगारला का, पैशासाठी शरीरसंबंध ठेवले का. कबूल करावे तर गुन्ह्याची नोंद आपणच देणार. लपवावे तर गुण जाणार. व्हर्जिनिया युबँक्स यांनी २०१८च्या पुस्तकात ही कोंडी नोंदवली. ऑरेगन, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन राज्यांतील चार ठिकाणांच्या २०१९च्या विश्लेषणात गोऱ्यांना प्राधान्याचे गुण अधिक प्रमाणात मिळत असल्याचे आढळले. २०२०च्या अखेरीस प्रश्नावलीच्या कर्त्यांनीच ती टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचे जाहीर केले.

शेरा लिहिणाऱ्या बाईशी निदान भांडता येई. आकड्याशी कोण भांडणार? युबँक्स यांना भेटलेल्यांपैकी काहींनी पुन्हापुन्हा मुलाखती दिल्या होत्या, आपले गुण किती हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि ते अजून रस्त्यावरच होते. शहरात तेवढी घरेच नव्हती.