गिरगाव सोडताना: उपनगरात घर पाहणाऱ्यांनी कोणते प्रश्न विचारले?

१/ उपनगरात घर पाहायला निघालेले कुटुंब आज प्रथम चौरस फुटाचा दर विचारते. शंभर वर्षांपूर्वी गिरगाव-भुलेश्वरातील चाळ सोडून दादर, माटुंगा वा पार्ल्याकडे निघालेल्या कुटुंबांपुढे खर्चाबरोबर आणखीही काही प्रश्न होते. त्या प्रश्नांची ही हकीकत.

२/ पहिला प्रश्न हवेचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथ पसरली; असंख्य माणसे दगावली, असंख्य शहर सोडून गेली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लक्ष २२ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लक्ष ७६ हजारांवर आली. दाट वस्तीतील कोंदट खोलीची धास्ती मुंबईकरांच्या मनात बसली ती तेव्हापासून.

३/ १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढून जुन्या वस्तीत वारा खेळता करणे हे त्याचे एक काम. दुसरे, उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथे नवी वस्ती आखणे. आधी रस्ते व गटारे, मग भूखंड, मग इमारती, असा तेथील क्रम होता. तरीही या वसाहती खऱ्या अर्थाने भरल्या त्या १९२० नंतरच.

४/ कारण दुसरा प्रश्न: कचेरी गाठायची कशी? विरारहून मुंबईला गाडी १८६७ पासून होती, पण सुरुवातीला फेऱ्या अगदी मोजक्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली. दादरला ट्रॅमही होती, ‘दादर टी.टी.’ या नावातील टी.टी. म्हणजे ट्रॅम टर्मिनस. फोर्टात नोकरी करणारा मनुष्य आता घराचे अंतर मैलांऐवजी मिनिटांत मोजू लागला.

५/ तिसरा प्रश्न कारभाराचा. माहीम आणि शीव ओलांडले की मुंबई शहराची हद्द संपे. पार्ले, अंधेरी, घाटकोपर ही गावे १९२० मध्ये निर्माण झालेल्या उपनगर जिल्ह्यात होती. गाडी तीच, परंतु नळ, गटार आणि रस्ता यांचा जबाबदार निराळा. ही उपनगरे मुंबई महानगरपालिकेत आली ती १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत.

६/ चौथा प्रश्न घराच्या आतला. चाळीत संडास सामाईक, घरापासून दूर. दादर-माटुंग्याच्या नव्या ब्लॉकमध्ये तो घरातच आला. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या पिढीला ही गोष्ट सहज पचणारी नव्हती. शिवाय स्वतंत्र दार मिळाले, तशी सामाईक गॅलरी गेली. आणि तिच्याबरोबर बाळंतपणात, आजारपणात हाकेसरशी धावून येणारी शेजारीणही. एकांताचे सुख आणि एकटेपण ही दोन्ही दिवसभर घरी राहणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला अधिक आली.

७/ पाचवा प्रश्न शाळेचा. पार्लेकरांनी याचे उत्तर स्वतःच उभे केले. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर वर्षभराच्या आत, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. मराठी मध्यमवर्गाला पुढे पार्ले ‘आपले’ वाटले, त्यामागे या संस्थांचा वाटा मोठा आहे.

८/ सहावा प्रश्न शेजाराचा, आणि तो सर्वांत अवघड. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. वांद्र्याची साल्सेट कॅथलिक संस्था १९१८ ची. दादरला पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. माटुंग्यात दक्षिण भारतीयांची वस्ती. परक्या जागी आपली भाषा, आपले सण, आपली माणसे मिळणे हा मोठा आधार होता. मात्र ज्या दाराने ‘आपल्यांना’ आत घेतले, तेच इतरांसाठी बंद होई.

९/ म्हणूनच एक स्थलांतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्याच चाळीत राहिले. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. घर आखताना ग्रंथसंग्रहाची सोय हा त्यांचा मोठा हेतू होता. सवर्ण मध्यमवर्गाच्या वसाहतीत अस्पृश्य ठरवलेल्या समाजाचा नेता स्वतःच्या घरात, स्वतःच्या ग्रंथांसह राहू लागला, या घटनेचे मोल केवळ कौटुंबिक नाही.

१०/ आज घर पाहताना हे सहाही प्रश्न विचारता येतात. वस्ती एकदा जुलैच्या पावसात पाहावी. सकाळी नऊच्या गाडीने कचेरीपर्यंत जाऊन पाहावे. पाणी किती वेळ येते, हे तेथे राहणाऱ्यांना विचारावे. शाळा पायी किती दूर आहे ते मोजावे. दुपारी घरी राहणाऱ्या माणसाला तेथे कोणाची सोबत मिळेल, याचा विचार करावा. आणि या इमारतीत कोणाला घर नाकारले जाते, हेही विचारावे. त्या उत्तरावरून आपला शेजार कसा असेल हे पुष्कळ कळते. आज आपण त्या नियमात बसत असलो, तरी उद्या आपली मुले बसतीलच असे नाही.