सुतार पक्ष्याची ढोली आणि कुजलेला गाभा

१/ सुतार पक्ष्याने पोखरलेले झाड आतून किडलेले वा कुजलेले असते, हे अनुमान बहुधा खरे ठरते. परंतु या खुणेचा अर्थ ‘झाड तोडा’ एवढाच लावला, तर काय घडते हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील पाइनच्या अरण्यांनी दाखवून दिले.

२/ तेथील ‘रेड-कॉकेडेड’ सुतार पक्षी जिवंत पाइनमध्येच ढोली कोरतो. राळेने भरलेले बाहेरचे लाकूड भेदण्यास त्याला अनेकदा वर्षे लागतात. गाभा बुरशीने मऊ झाला असेल, तर पुढचे काम सुकर होते; आणि ही बुरशी मुख्यतः जुन्या वृक्षांत आढळते.

३/ लाकडाच्या व्यापारात असा वृक्ष म्हणजे तोटा. जुनी अरण्ये तुटली. नवी झाडे वार्धक्य येण्याआधीच कापली जाऊ लागली. लाकूड निरोगी राहिले, पक्षी मात्र बेघर झाला. १९७० मध्ये त्याची गणना संकटग्रस्त प्रजातींत झाली.

४/ सप्टेंबर १९८९ मध्ये ‘ह्यूगो’ चक्रीवादळाने दक्षिण कॅरोलिनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय अरण्यात ढोल्यांचे बहुतेक वृक्ष मोडून पाडले. उरलेल्या पक्ष्यांसाठी माणसांनी उभ्या खोडांत करवतीने खाचा पाडून लाकडी पेट्या बसवल्या.

५/ ज्या कुजक्या गाभ्यावर एके काळी कुऱ्हाड चालवली, त्याचीच उणीव अशी हाताने भरून काढावी लागली. २०२४ मध्ये या पक्ष्याचा धोक्याचा दर्जा एका पायरीने सौम्य झाला. खोडावरची ढोली रोगाचे लक्षण खरेच. पण अरण्याला म्हातारे होऊ दिल्याचीही ती खूण असते.