आकाशाचें भय

भय वाटणें हें भ्याडपणाचें लक्षण होय, असा समज आपल्या सुशिक्षित समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. विमानांत बसण्यास जो भितो, त्याची तर चारचौघांत हटकून थट्टा होते. ह्या थट्टेचे आम्हीही धनी आहों. कितीक वर्षें आम्हीं सर्व लांबचे प्रवास आगगाडीनेंच केले. कोलकात्यास आमच्या वडील बंधूंचा अंतकाळ जवळ आल्याचा निरोप आला, तेव्हांही आम्हीं विमान सोडून आगगाडीच धरली. आम्ही पोहोंचलों तों चिता निवाली होती. तेव्हांपासून हें भय आम्हांस थट्टेचा विषय वाटेनासें झालें. आणि इतिहास शिकविणें हाच व्यवसाय असल्यामुळें त्याचा विचार आम्हीं इतिहासाच्याच आधारें करून पाहिला.

२ मे १९५२ रोजीं ‘कॉमेट’ जातीचें विमान लंडनहून जोहान्सबर्गकडे निघालें, आणि जेट-यंत्राच्या बळावर उतारूंची नियमित वाहतूक जगांत प्रथमच सुरू झाली. बरोबर एका वर्षानें, २ मे १९५३ रोजीं, कलकत्त्याच्या दमदम तळावरून उडालेलें एक कॉमेट वादळांत मोडून पडलें व ४३ माणसें प्राणांस मुकलीं. दोष वादळाच्या माथीं गेला. १० जानेवारी १९५४ रोजीं रोमहून निघालेलें आणखी एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रांत कोसळलें; त्यांत ३५ माणसें गेलीं. उड्डाणें थांबलीं, कांहीं फेरफार झाले, आणि मार्चमध्यें तीं पुनः सुरू झालीं. ८ एप्रिल रोजीं इटलीच्याच समुद्रांत आणखी २१ जण बुडाले. कारण हातीं लागण्यापूर्वींच धीर धरला, त्याची ही किंमत होती.

मग मात्र इंग्लंडांतील फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनीं एक अखंड कॉमेट पाण्याच्या प्रचंड टांकींत ठेविलें. उंचावर गेल्यानें त्याच्या अंगावर जो ताण पडे व उतरतांना जो सैल होई, तो त्यांनीं पाण्याच्या दाबानें पुनः पुनः दिला. अखेर तें फाटलें. वारंवार ताणल्यानें धातूही थकतो, आणि खिडक्यांसारख्या खुल्या जागांच्या कोपऱ्यांशीं तो थकवा भेग होऊन फुटतो, हें सर्वांस कळून चुकलें.

ह्याच अपघातांची मीमांसा करणाऱ्या मंडळींत मेलबर्नचे डेव्हिड वॉरेन हे एक होते. १९३४ सालीं बास सामुद्रधुनीवर एक विमान नाहींसें झालें, त्यांत त्यांचे वडील होते. वॉरेन तेव्हां नऊ वर्षांचे. विमान कां पडलें हें सांगण्यास कोणी मागें उरत नाहीं, ही व्यथा त्यांनीं घरांतच अनुभविली होती. चालकांचें संभाषण व यंत्रांचे आंकडे पोलादी तारेवर टिपून ठेवणारी पेटी त्यांनीं तयार केली. स्वदेशांत तिचें स्वागत झालें नाहीं. हा आपल्यावर पहारा आहे, असें वैमानिकांस वाटलें. पुढें १९६० सालीं क्वीन्सलंडांतील मॅके गांवाजवळ २९ माणसें बुडालीं, तेव्हां कोठें ऑस्ट्रेलियानें असें यंत्र सक्तीचें करण्याचें ठरविलें. तसें करणारा तो पहिला देश.

ह्या माणसांनीं भय नाकारलें नाहीं व त्यापुढें हातही टेकले नाहींत. त्यांनीं त्याची उलटतपासणी केली. आम्हीं मात्र वर्षानुवर्षें त्यास एकही प्रश्न न विचारतां त्याची आज्ञा पाळली. आमची चूक भिण्यांत नव्हती, ह्यांत होती.

गेल्या वर्षीं वहिनींच्या भेटीस आम्ही विमानानें कोलकात्यास गेलों. तळहात घामेजले होते, आणि खिडकीच्या गोलसर कोपऱ्यांकडे दृष्टि वारंवार जात होती. अडीच-तीन तासांत आम्ही दारांत उभे राहिलों. वहिनींनीं घड्याळाकडे पाहिलें. बोलल्या कांहींच नाहींत.