मुंबई इलाख्यातील कायद्याचे शिक्षण

कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यात वकिली शिकवणारी संस्था नव्हती. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात विलायतेहून आलेले बॅरिस्टर उभे राहत, तर सदर अदालतीत व जिल्ह्यांच्या न्यायालयांत सनदी वकील काम पाहत. जुन्या वकिलाच्या हाताखाली अर्ज आणि कैफियती लिहिणे हेच त्यांचे शिक्षण होते.

सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी 1852 मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या सन्मानार्थ जमलेल्या निधीतून न्यायशास्त्राचे प्राध्यापकपद निर्माण झाले आणि 1855 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याचे वर्ग सुरू झाले. आजच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा उगम तो. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ आणि 1862 मध्ये हायकोर्ट स्थापन झाल्यावर एलएल.बी. पदवीला मोल आले. न्या. महादेव गोविंद रानडे (1866) आणि लोकमान्य टिळक (1879) यांनी ती मिळवली. पुढे टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी स्वतःचा लॉ क्लास चालवला.

विद्यार्थ्यापुढे तेव्हा दोन प्रकारचा अभ्यास असे. एकीकडे 1860 ची दंडसंहिता, 1872 चे करार व पुरावा कायदे अशी इंग्रजी घडणीची संहिता. दुसरीकडे वारसा, दत्तक आणि वाटणी यांसाठी मिताक्षरा व नीलकंठाचा व्यवहारमयूख हे धर्मशास्त्राचे ग्रंथ. या दोन परंपरांचा मेळ घालणारे अध्यापक महाराष्ट्राला लाभले. पां. वा. काणे शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत, आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहून त्यांनी जगभर मान मिळवला.

वकिलीचे दार स्त्रियांसाठी मात्र फार उशिरा उघडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा अभ्यास पुरा केला, 1897 मध्ये मुंबईची एलएल.बी.ही मिळवली, तरीही कोर्टात उभे राहण्याचा हक्क त्यांना नव्हता. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा 1923 मध्ये झाला. अभ्यास पूर्ण असूनही केवळ स्त्री म्हणून सनद नाकारणे, हा त्या व्यवस्थेचा उघड अन्याय होता.

1924 मध्ये पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय सुरू झाले, ज. र. घारपुरे हे त्याचे पहिले प्राचार्य. पुढे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड येथेच शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1935 मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी 1936 मध्ये लेख लिहिला. सुधारणेची गरज खरीच होती. वर्ग बहुधा सकाळी किंवा संध्याकाळी भरत, अनेक विद्यार्थी दिवसा नोकरी करत, आणि परीक्षेचा भर कलमे व निवाडे पाठ करण्यावर असे. अशिलाशी बोलणे, साक्षीदाराची उलटतपासणी, दाव्याचा मसुदा या गोष्टी पदवीनंतर ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्येच कळत.

1961 च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलांचा एकच वर्ग केला आणि शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे दिले. पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम रूढ झाला. 1988 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांच्यासोबत कायदा शिकण्याची ही रीत पुढे महाराष्ट्रातही रुजली. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे उभी राहिली.

अभिरूप न्यायालय, मसुदालेखन आणि व्यावसायिक नीतिमत्ता आता सक्तीचे विषय आहेत. 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. 2010 पासून पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. एकेकाळी फक्त चेंबरमध्ये मिळणारे शिक्षण महाविद्यालयाने आपल्या अभ्यासक्रमात आणले, हीच या दीड शतकातील सर्वांत मोलाची सुधारणा होय.