बसलेला आवाज आणि घाईचे औषध

सर्दी-खोकला सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात आणि एका सकाळी तोंडातून आवाजच फुटत नाही. मग आपल्याकडे ठरलेला क्रम सुरू होतो. मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणायची, बोलायचेच झाले तर कुजबुजायचे आणि मधूनमधून जोरात खाकरून घसा मोकळा करायचा. हे न करणारा माणूस हयगय करतो आहे, असे घरातले समजतात. माझे म्हणणे असे की या तिन्ही उपायांना आधार नाही. शिवाय पहिल्याच आठवड्यात सगळी घाई संपवल्याने, खरोखर घाई करायची वेळ येते तेव्हा आपण गाफील राहतो.

आधी पूर्वपक्ष पाहू. तो दुबळा नाही. सकाळी सातला भरलेल्या वर्गासमोर उभे राहणाऱ्या शिक्षिकेला किंवा सप्ताहातली तारीख दिलेल्या कीर्तनकाराला ‘आठ-दहा दिवस थांबा’ हा सल्ला परवडत नाही. खोकला छातीत उतरेल ही भीतीही निव्वळ कल्पना नव्हे. क्वचित तसे होते. कफ पिवळा-हिरवा दिसू लागला की जंतू वाढले, असे वाटणे स्वाभाविक आहे. आणि सर्वांत भक्कम आधार अनुभवाचा: गोळ्या घेतल्या आणि आवाज आला.

या अनुभवालाच आधी तपासू. खोकल्यासोबत अचानक बसणारा आवाज बहुतेक वेळा विषाणूंमुळे बसतो. सर्दीचे, फ्लूचे, पॅराइन्फ्लुएन्झाचे विषाणू स्वरयंत्राला सूज आणतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. ही सूज एरवीही आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. चौथ्या दिवशी गोळी घेतली आणि नवव्या दिवशी आवाज सुटला, तर श्रेय कोणाचे? गोळी घेतली नसती तर कोणत्या दिवशी सुटला असता? एकट्या रुग्णाच्या अनुभवातून याचे उत्तर कधीच मिळणार नाही. त्यासाठी दोन गट लागतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी. स्वीडनमध्ये तसे प्रयोग झाले. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पेनिसिलीन घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या आवाजात फरक आढळला नाही. 1993 सालच्या प्रयोगात एरिथ्रोमायसिन घेणाऱ्यांची आवाजाची तक्रार आठवड्याने आणि खोकल्याची तक्रार दोन आठवड्यांनी काहीशी कमी होती. प्रतिपक्षाच्या बाजूने जाणारा हा पुरावा मी लपवत नाही. पण उपचारांचे पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षकांनी दोन्ही प्रयोग तोलून दिलेला निर्वाळा स्पष्ट आहे: एवढ्याशा लाभासाठी दुष्परिणाम आणि जंतूंची वाढती प्रतिकारशक्ती पत्करावी, असे यात काही नाही.

मग हिरव्या कफाचे काय? तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा असतो. विषाणूंशी झुंजतानाही त्या पेशी जमतात आणि कफाला तोच रंग येतो. रंग हा जिवाणूंचा दाखला ठरत नाही.

राहिली खोकल्याची मुदत. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारले, खोकला किती दिवस टिकावा? उत्तरे सरासरी 7 ते 9 दिवसांची आली. प्रत्यक्ष रुग्णांची नोंद पाहता साधा खोकला सरासरी 17.8 दिवस टिकत होता. आपल्याकडे दहाव्या दिवशी ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणून अधिक भारी गोळी घेतली जाते. औषध बदलण्याचे कारण कोणते? रोगाने ठरलेली चाल सोडलेली नसते. आपला हिशेब चुकलेला असतो.

आता कुजबुज. तिच्यामागचा हेतू चांगला आहे, म्हणून तिचे खंडन जपून केले पाहिजे. स्वरयंत्रात दोन मऊ पट्ट्या असतात. स्त्रियांत त्या साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांब, पुरुषांत थोड्या अधिक. स्त्री नेहमीच्या आवाजात बोलते तेव्हा त्या सेकंदाला सुमारे 200 वेळा एकमेकींना भिडतात. सुजलेल्या पट्ट्या जड होतात, त्यांच्या कडा नीट जुळत नाहीत, मधून वारा सुटतो आणि आवाज घोगरा होतो किंवा उमटतच नाही. कुजबुजल्याने या पट्ट्यांना विसावा मिळतो, हा समज. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आवाजाची तक्रार असलेल्या 100 रुग्णांना दुर्बिणीखाली कुजबुजायला सांगितले. 69 जणांच्या स्वरयंत्राचा वरचा भाग नेहमीच्या बोलण्यापेक्षा अधिक आवळला गेला, 18 जणांत फरक पडला नाही, 13 जणांत ताण कमी झाला. तेव्हा कुजबुज प्रत्येकाला अपायकारक आहे असे मी म्हणणार नाही. पण सर्वांना सरसकट द्यावा असा हा सल्ला उरत नाही. गप्प राहणे उत्तम. बोलावेच लागले तर ऐकणाऱ्याच्या जवळ जाऊन, हळू पण नेहमीच्या सुरात, चार शब्दांत बोलावे.

खाकरण्याबद्दल मात्र मला तडजोड मान्य नाही. खाकरताना आणि खोकताना पट्ट्या घट्ट मिटतात, खाली हवेचा दाब साठतो आणि ती हवा त्यांना उधळून बाहेर पडते. सुजलेल्या कडांवर हा मारा झाला की सूज टिकते. सूज टिकली की घशात काही अडकल्यासारखे वाटते, आणि माणूस पुन्हा खाकरतो. त्याऐवजी पाण्याचा घोट घेऊन गिळावे. एवढ्यानेही उबळ पुष्कळदा ओसरते.

गुळण्यांशी माझे भांडण नाही. त्यांनी घशाची दुखरी भिंत शेकली जाते. पण ते पाणी स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. पोचले तर ठसका लागेल. खडीसाखर आणि ज्येष्ठमध यांनी लाळ सुटते, कोरडेपणा जातो. रात्रीच्या खोकल्यावर मधाचे चाटण चांगले, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

शिक्षिकेच्या अडचणीचे उत्तर अजून द्यायचे आहे. अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झाल्याचे सांगणारे शिक्षक 57.7 टक्के निघाले, इतर लोक 28.8 टक्के. ज्यांची भाकरी आवाजावर आहे त्यांचाच आवाज अधिक झिजतो. सुजलेल्या पट्ट्यांवर सहा तास ओरडून शिकवायला लावणारी गोळी त्यांच्या हिताची कशी? त्यांना चार दिवसांची रजा मिळाली पाहिजे. ती मागणे हा लाड नव्हे.

आणि खरा धोका पुढे आहे. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूची नस मानेतून थेट स्वरयंत्रात शिरत नाही. ती छातीत उतरते, महारोहिणीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. तिथे फुप्फुसातल्या गाठीने ती दाबली गेली तर खोकला आणि बसलेला आवाज, दोन्ही एकदम दिसतात. क्षयही स्वरयंत्रात उतरू शकतो. तंबाखू, विडी, सिगारेट ओढणाऱ्याच्या स्वरपट्टीवरचा कर्करोग कित्येकदा पहिल्यांदा आवाजातच कळतो. अशा माणसाने दुकानातून एकामागून एक कोर्स घेतले, तर दिवस जातात. त्यात लेव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध असेल तर क्षय काही काळ दबतो आणि निदान आणखी लांबते. अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आवाज सुधारत नसेल तर स्वरयंत्र पाहण्याची मुदत 2018 साली तीन महिन्यांवरून चार आठवड्यांवर आणली, ती उगाच नव्हे.

निकाल वाचकांनी द्यावा. माझी विनंती एवढीच: श्वास घेताना आवाज येत असेल, दम लागत असेल, गिळता येत नसेल किंवा थुंकीत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर क्षयासाठी बेडका तपासून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. आणि चार आठवड्यांनीही आवाज बसलेलाच असेल, तर नवी गोळी न घेता तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्या.